आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : झोपेची चौकशी बाजूला झोपणाऱ्याकडे करा

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

माझ्या आजाराचं, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या स्लीप ॲप्नियाचं, निदान सर्वांत आधी केलं ते माझ्या बायकोने. रात्री दोन वाजता, अंधारात, आकडे मोजून. मी जोरजोरात घोरायचो आणि मग एकदम चिडीचूप व्हायचो. त्या शांततेत ती मोजायची. कधी वीस, कधी पस्तीस. मग घुसमटल्यासारखा आवाज, अंगाला एक झटका, की घोरणं पुन्हा सुरू. सकाळी मला यातलं काही आठवत नसे. घोरतोय म्हणजे ढाराढूर झोपलाय, असं घरातले म्हणत आणि मलाही ते पटत असे. फक्त उठल्यावर घशाला कोरड, डोकं जड, आणि दुपारी समोरचा माणूस बोलत असताना मला पेंग.

डॉक्टरांना सांगितलं, झोप पुरत नाही. दोन मिनिटांत झोपेच्या गोळीची चिठ्ठी हातात पडली. बायको शेजारीच बसली होती, तिला कुणी काही विचारलं नाही. काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास अडकल्यावर माणसाला जागं करणारी शरीराची हाकही दाबून टाकतात. गोळी सुरू झाली आणि बायकोचे आकडे वाढले. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर रांग होती, आणि झोपेबद्दल त्यांना अभ्यासक्रमात फारसं कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे कधीतरी डोक्याला वायरी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून माझी रात्र मोजली गेली. तासाला ४१ वेळा श्वास अडखळत होता. पाचपर्यंत चालून जातं, तीसच्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. उपाय साधा : मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. कॉलिन सुलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९८१ मध्ये मांडली, म्हणजे हे काही कालचं संशोधन नव्हे. मशीन लावलं त्या पहिल्या रात्री बायकोला मात्र झोप लागली नाही. घोरणंच ऐकू येईना, म्हणून तिने दोनदा माझ्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

मंत्रिमहोदय, झोपेचे आजार म्हणजे एकटं घोरणं नव्हे. पण सगळ्यांवर आपल्याकडे तीच एक गोळी निघते, ही माझी तक्रार आहे. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशा माणसाच्या शरीरात लोहाचा साठा कमी असू शकतो. एका रक्ततपासणीत ते कळतं. झोपेत लाथा मारणाऱ्या, स्वप्नातलं भांडण प्रत्यक्ष अंथरुणात करणाऱ्या वयस्क माणसाला हसण्यावारी नेऊ नये, कारण पार्किन्सन्सची (कंपवाताची) ती कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. वर्गात डुलक्या काढणाऱ्या पोराला आळशी म्हणून झोडपण्याआधी नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. त्यात बऱ्याचदा मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात.

आणि निद्रानाश. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप नाही, अशी माणसं गोळीवर वर्षानुवर्षं काढतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं की जुनाट निद्रानाशात पहिला उपचार गोळी नव्हे, तर झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत. तिचा गाभा ऐकायला उफराटा वाटतो. आठ तास अंथरुणात पडून साडेपाच तास झोपणाऱ्याला सांगतात, अंथरुणात साडेपाचच तास घालव. पहिला आठवडा जीव नकोसा होतो. पण हळूहळू झोपेची भूक साठते, कूस बदलण्याचे तास आटतात, मग वेळ थोडा थोडा वाढवत नेतात. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल तर जपून करावं लागतं, हे खरं. पण प्रशिक्षण दिलं तर नर्सही हे करू शकतात. त्याला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळेचीच तरतूद आपल्या बजेटमध्ये नसते.

वाहनचालकांबद्दल एक वेगळी विनंती. लायसन्स जाईल या भीतीने ते पेंग लपवतात. तपासणी सक्तीची केलीत तर आणखी लपवतील. उपचार नीट घेणाऱ्याला गाडी पुन्हा चालवू देऊ, हे आधी लेखी जाहीर करा, मग तपासा. धोका उपचार न घेणाऱ्याचा आहे.

बाकी मोठ्या योजनेची वाट पाहू नका. तपासणीच्या फॉर्मवर 'झोप : बरी / नाही' एवढाच रकाना असतो, आणि माझ्यासारखा माणूस त्यात इमानदारीने 'बरी' लिहून मोकळा होतो. त्याखाली एक ओळ वाढवा : 'रुग्ण झोपेत कसा असतो, हे त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला विचारले का?' एकट्या झोपणाऱ्यांसाठी घरी नेऊन रात्रभर लावायचं लहान यंत्र प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवा. आणि ती ओळ रिकामी असेल तर झोपेच्या गोळीची चिठ्ठी निघू नये, असा आदेश काढा.

आपला,
तासाला ४१ वरून ३ वर आलेला एक रुग्ण