खुबा जोडला, पण हाडांच्या आजाराचं काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

घरातली म्हातारी बाई मोरीत पाय घसरून पडते, खुबा मोडतो. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होतं, चांगलं होतं. पण मोडलेलं हाड बसवलं म्हणजे ते ठिसूळ करणारा आजार बरा होत नाही. त्यावर उपचार सुरूच होत नाहीत, हे माझं गाऱ्हाणं आहे.

माझ्या मावशीचं आधी मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, काढलं, विषय संपला. पुढे खुबा मोडला. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख होती आणि कॅल्शियमची गोळी. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हा शब्द कुठेच नव्हता.

खरं तर चालताबोलता पडून खुबा मोडला, तर तेवढ्यावरच या आजाराचं निदान करता येतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली यायची वाट बघावी लागत नाही. मणका दबला तर अनेकदा दुखतही नाही. उंची कमी होते, पोक येतं, आणि घरचे वयावर ढकलतात. अशा वेळी पाठीचा साधा एक्स-रे काढला तरी कळतं.

औषधं आहेत. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे कुणी समजावत नाही, मग छातीत जळजळतं आणि बाई गोळी सोडते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदाच सलाईनमधून देतात. त्याआधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे औषध दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ च्या चाचणीत दिसलं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं आणि मध्येच बंद केलं तर मणके मोडू शकतात. म्हणून रुग्णाचा पाठपुरावा हवाच.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९९ पासून हे काम परिचारिका करतात. पन्नाशीपुढचा फ्रॅक्चरचा रुग्ण आला की त्याच्या हाडांची तपासणी आणि औषधं त्याच पाहतात. आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी एक परिचारिका नेमा. डेक्साची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड मोफत द्या. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘हाडांच्या ठिसूळपणावर कोणता उपचार सुरू केला’ असा रकाना घाला. तो भरल्याशिवाय कार्डावर सही होऊ नये.

आपली,
एक नागरिक