लिस्टेरियाचा माग गोठ्यापासून इस्पितळापर्यंत घ्यावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की गोव्याचे अन्न व औषध प्रशासन मिठाई आणि खव्याची तपासणी करते, भेसळयुक्त माल पकडल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रातही येतात आणि त्यामुळे ग्राहक सावध होतात, हे चांगलेच आहे. परंतु अन्नातून होणारा एक आजार असा आहे की ज्यात पदार्थाचा रंग, वास वा चव जराही बदलत नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या जंतूमुळे तो होतो आणि सरकारी यंत्रणा त्याकडे अजून पुरेसे लक्ष देत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक रोगजंतूंची वाढ फ्रीजमध्ये थांबते. लिस्टेरिया मात्र शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू वाढत राहतो, मिठाला दाद देत नाही, आणि गोठवलेल्या पदार्थातही जिवंत राहतो. आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेले मऊ चीज, हॅमचे उघडलेले पाकीट, कापून ठेवलेली फळे यांना आपण सुरक्षित समजतो, पण या जंतूला नेमकी तीच जागा मानवते. धडधाकट माणसाला त्याने सहसा फार त्रास होत नाही. गरोदर स्त्रिया, नवजात बालके, वृद्ध आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांच्यात मात्र तो रक्तात व मेंदूच्या आवरणात शिरतो, आणि अशा गंभीर रुग्णांपैकी २० ते ३० टक्के दगावतात. गरोदर स्त्रीला थोडा ताप आणि अंगदुखी एवढेच जाणवते. गर्भपात होतो किंवा मूल मृत जन्मते, तेव्हा त्या किरकोळ तापाची कोणाला आठवणही राहिलेली नसते.

हाच जंतू गोठ्यातही असतो. मी पशुवैद्यक म्हणून नोकरी केली असल्यामुळे त्याची लक्षणे जवळून पाहिली आहेत. जनावराचा एक कान लोंबतो, त्याच बाजूची पापणी व ओठ ढिले पडतात, चघळलेला चारा गालात तसाच अडकून राहतो, लाळ गळत राहते, आणि ते एकाच दिशेने गोल गोल फिरते किंवा भिंतीला डोके टेकून उभे राहते. कधी यातले काहीच दिसत नाही, गाय फक्त गाभडते, म्हणजे तिचा गर्भपात होतो. याचे एक मोठे कारण म्हणजे नीट न आंबलेला मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. तो चांगला मुरला तर त्यातील आम्लामुळे जंतूची वाढ खुंटते, पण पिशवी फाटून हवा आत गेली की बुरशी धरलेल्या त्या थरात लिस्टेरिया फोफावतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात असा मुरघास जनावरांपुढे टाकणे म्हणजे रोगाला आमंत्रण देणे होय. अशा वेळी गाभडलेल्या गाईची वार हातमोजे न घालता ओढून काढणे आणि मागच्या शेणखतात टाकून देणे ही पद्धतही तातडीने थांबायला हवी.

गोठा, शेत आणि माणूस यांचा हा संबंध कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात १९८१ साली उघड झाला. तेथे ४१ जणांना लिस्टेरियाची बाधा झाली आणि त्यांपैकी बहुसंख्य माता व नवजात बालके होती. शोध घेता घेता तपास कोबीच्या कच्च्या कोशिंबिरीपाशी पोहोचला. कोबी ज्या शेतातला होता तेथे मेंढ्यांचे कच्चे खत घातले जात असे, त्या कळपातील मेंढ्या लिस्टेरियाने दगावलेल्या होत्या, आणि काढलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात साठवलेला होता. खतातून आलेला जंतू त्या थंडीतच वाढला. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत आपल्या चिबडाच्या जातकुळीतल्या खरबुजांतून ३३ जणांचे प्राण गेले. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसपदार्थातून हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले. पर्यटनावर जगणाऱ्या, बुफेत गार मांस, चीज, सॅलड आणि कापलेली फळे तासन्‌तास मांडून ठेवणाऱ्या आपल्या राज्याने या घटनांकडे दूरच्या बातम्या म्हणून पाहू नये.

विशेष म्हणजे या विषयातले जाणकार शोधायला गोव्याला बाहेर जावे लागत नाही. जुने गोवे परिसरातील एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेत लिस्टेरियाच्या जंतुवाणांचा संग्रह आहे. पशुसंवर्धन खाते, अन्न व औषध प्रशासन आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय ही सगळी एका तासाच्या अंतरात आहेत. तेव्हा गाभडलेल्या गाईचा नमुना, बाजारातील पनीरचा नमुना आणि अकारण गर्भपात झालेल्या स्त्रीचा नमुना यांतील जंतू एकाच वाणाचे आहेत का, हे नियमितपणे ताडून पाहणारी व्यवस्था आरोग्य खात्याने उभी करावी, ही माझी मुख्य मागणी आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी ७० दिवस जातात आणि तोवर खाल्लेला पदार्थ शिल्लक राहत नाही. म्हणूनच नमुने आधीपासून जपून ठेवणे आवश्यक आहे.

दुग्धजन्य पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात हा जंतू अजिबात नसावा, असे भारतीय अन्न सुरक्षा मानके सांगतात. तपासणी पथकांनी केवळ तयार पदार्थ न उचलता शीतगृहातील जमिनीची मोरी, मांस कापण्याचे यंत्र आणि त्याच्या पात्यामागची फट येथूनही नमुने घ्यावेत, कारण ओलसर फटीत चिकट थर धरून हा जंतू दीर्घकाळ टिकतो आणि तेथूनच स्वच्छ पदार्थावर पुन्हा जातो. डॉक्टरांनीही गरोदरपणातील अकारण तापात रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे. सर्रास दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविके या जंतूवर चालत नाहीत, ॲम्पिसिलिन चालते, हे ध्यानात असले तर उपचारातील मोलाचे दिवस वाचतील.

गरोदर स्त्रियांना अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या माहितीपत्रकावर दूध उकळूनच प्यावे, फ्रीजमधील उरलेले अन्न वाफा येईपर्यंत गरम करूनच खावे, फळे धुऊन लगेच कापून खावीत आणि थंड मांसपदार्थ टाळावेत, एवढ्या सूचना मराठी व कोकणीत ठळक अक्षरांत छापाव्यात. याला वेगळा निधी लागणार नाही आणि येत्या चतुर्थीपूर्वी हे काम सहज होऊ शकेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक, डिचोली