जुनी पुस्तके रद्दीत घालायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या प्राप्तिकर कायद्यासाठी कर सल्लागारांनी कोणती पुस्तके घ्यावीत, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाचा अभ्यास मोठा आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण '१९६१च्या कायद्याची पुस्तके आता रद्दीत घाला' हा सल्ला तुम्ही छापायला नको होता. तो चुकीचा आहे आणि आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांच्या अंगाशी येणारा आहे.

२०२५चा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला हे खरे. पण यंदा जुलैत आम्ही जी रिटर्न्स भरणार ती २०२५-२६च्या उत्पन्नाची, म्हणजे जुन्याच कायद्याची. त्या वर्षाच्या नोटिसा, अपिलेही त्याच कायद्याखाली चालणार. अपडेटेड रिटर्नची, म्हणजे चुकलेले-राहिलेले उत्पन्न नंतर दाखवण्याच्या रिटर्नची, मुदत आता ४८ महिने झाली आहे. २०२६-२७ या मूल्यांकन वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६च्या उत्पन्नासाठी, ती ३१ मार्च २०३१पर्यंत जाते. तोवर जुने पुस्तक टेबलावरून हलवता येणार नाही. दुसरीकडे एप्रिलपासूनचा पगारावरचा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) नव्या कायद्याच्या कलम ३९२ने आणि इतर टीडीएस कलम ३९३ने कापायचा. एकाच टेबलावर दोन कायदे चालवायचे आहेत, आणि लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

आता महागड्या ग्रंथांबद्दल. लेखात सुचवलेले अनेक खंडांचे भाष्यग्रंथ ट्रिब्युनलपुढे (कर अपिलांच्या न्यायाधिकरणापुढे) उभे राहणाऱ्यांसाठी ठीक आहेत. आमच्याकडे येतात ते यंत्रमागवाले, टॉवेलचे छोटे कारखानदार, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक. एका रिटर्नमागे पाचशे-सातशे रुपये मिळवणाऱ्याने ते खंड कशातून घ्यायचे? त्याला लागतो चालू वर्षाचा बेअर अॅक्ट (भाष्याशिवाय नुसता कायदा), नियमांचे पुस्तक आणि उदाहरणे सोडवून दाखवणारे एखादे वार्षिक पुस्तक. कायदा, नियम, परिपत्रके आणि जुन्या-नव्या कलमांचा तक्ता प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. सीए इन्स्टिट्यूटचे विद्यार्थ्यांसाठीचे अभ्याससाहित्यही फुकट मिळते आणि त्यातली उदाहरणे फार चांगली आहेत. फक्त ते कोणत्या परीक्षेसाठी आणि कुठल्या फायनान्स अॅक्टपर्यंतचे (अर्थसंकल्पातले करबदल लागू करणाऱ्या कायद्यापर्यंतचे) आहे, हे आधी पाहावे. जीएसटी दरांचे छापील पुस्तक तर घेऊच नये. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले, २,५०० रुपयांपर्यंतच्या टॉवेल-चादरीला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले, आणि त्याआधी छापलेली दरपत्रके त्याच दिवशी निकामी झाली.

पुस्तक घेताना पहिल्यांदा बघायचे ते कुठल्या फायनान्स अॅक्टपर्यंत सुधारलेले आहे हे. २०२४च्या जूनमध्ये मी दोन हजारांच्या आसपास किमतीचे पुस्तक घेतले. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'फायनान्स अॅक्ट २०२४नुसार सुधारित'. तो फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पाचा कायदा होता. २३ जुलैला पूर्ण अर्थसंकल्प आला आणि भांडवली नफ्याचे सगळे गणितच बदलले. ऑगस्टमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी जुळे सोलापुरातला प्लॉट २० लाखांना विकला. २००४-०५मध्ये लाखभराला घेतलेला. माझ्या नव्याकोऱ्या पुस्तकाप्रमाणे इंडेक्सेशन धरून (महागाईच्या प्रमाणात खरेदीची किंमत वाढवून) २० टक्क्यांनी कर होत होता सुमारे ३ लाख ३५ हजार. इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्क्यांनी २ लाख ३७ हजार ५००, सेस वेगळा. २३ जुलैपूर्वी घेतलेल्या जमिनीला दोन्हींपैकी जो कमी तो कर लागतो, ही सोय 'फायनान्स (क्र. २) अॅक्ट, २०२४'ने दिली. मी ती विभागाच्या संकेतस्थळावर वाचली. पुस्तकावर भिस्त ठेवली असती, तर गुरुजींच्या आयुष्याच्या पुंजीतले जवळपास ९८ हजार रुपये नाहक गेले असते.

विक्रेत्याने सांगितले, आवृत्ती चालू वर्षाचीच आहे, परत घेत नाही. प्रकाशकाकडे विचारले तर म्हणे पुरवणी येईल. ती आलीच नाही. जून-जुलैत लोकांकडून पैसे घ्यायचे आणि अर्थसंकल्प बदलला की हात वर करायचे, हा व्यवहार मला मान्य नाही. सुधारणेची पुरवणी मोफत देण्याचे जे प्रकाशक लेखी कबूल करतात, त्यांचीच पुस्तके घ्यावीत असे मी आता माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना सांगतो.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्या अर्थविषयक पानावरची चौकट राखाडी पार्श्वभूमीवर इतक्या बारीक अक्षरांत छापता, की कलमाचा आकडा ३९२ आहे की ३९३ हे भिंग घेऊन पाहावे लागते. शिवाय कलम जुन्या कायद्याचे की नव्या, हे कुठेच लिहिलेले नसते. पूर्वी एकच कायदा होता तेव्हा ते चालून गेले, यापुढे चालणार नाही.

लेखकांना विचारून रद्दीच्या वाक्याची दुरुस्ती याच पानावर, जुलै उजाडण्याआधी, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी ही विनंती.

आपला,
एक कर सल्लागार
अशोक चौक, सोलापूर