महर्षी शिंदे वारकऱ्यांपर्यंत पोहोचावेत: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी काढलेल्या मिशनचा अहिल्याश्रम याच पेठेत आहे. मुक्कामाच्या काळात आपल्या खात्याने तेथे शिंदे यांच्या कार्याचे प्रदर्शन भरवावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शासकीय कार्यक्रमांत त्यांच्या तसबिरीला ‘थोर समाजसुधारक’ म्हणून हार घातला जातो आणि त्यांचा धर्मविचार मात्र बाजूला राहतो. जमखंडीच्या वारकरी घरात १८७३ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि ऑक्सफर्डला १९०१ ते १९०३ या काळात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेले शिंदे मुळात प्रार्थना समाज या एकेश्वरवादी सुधारक पंथाचे प्रचारक होते. ईश्वर एकच असेल तर माणसाचा विटाळ मानणे हा अधर्मच ठरतो, या श्रद्धेतूनच त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. भाषणांवर न थांबता ते कुटुंबासह अस्पृश्यांच्या वस्तीत राहिले, आणि त्यांच्या भगिनी जनाबाईंनी मिशनच्या कामाला वाहून घेतले. (जनाबाईंचे नाव पुण्यातही क्वचितच ऐकू येते, ही आपल्या स्मरणाची तऱ्हा!) १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव संमत झाला, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. पुढे १९२० साली पुण्यात मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून ते चळवळीत उतरले, तर १९३० साली कायदेभंगात सहभागी होऊन येरवड्याच्या तुरुंगात गेले.

प्रदर्शनात केवळ गौरव नसावा. अस्पृश्यांना निवडणुकीत स्वतंत्र मतदारसंघ असावेत का, या प्रश्नावर त्यांचे डॉ. आंबेडकरांशी मतभेद होते आणि अस्पृश्यांचे नेतृत्व स्पृश्यांनी करावे का, हा प्रश्न मिशनसमोरही उभा राहिला होता. हा वाद झाकून शिंदे मोठे होणार नाहीत. १९२३ साली त्यांनी स्वतःच मिशनची सूत्रे अस्पृश्य कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली, हे त्या वादाशेजारीच मांडावे.

दिंड्यांतील पुष्कळ मंडळी ज्येष्ठ असतात, त्यामुळे फलकांवरील अक्षर ठळक असावे आणि मजकूर वाचून दाखवणारे स्वयंसेवकही नेमावेत. येत्या वारीपूर्वी याबाबत आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
नाना पेठेतील एक रहिवासी, पुणे