शेंगांची पिशवी आमचीच होती, मॅडम

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. लातूरला तुमच्याकडे रोज एवढ्या बाया येतात, आम्ही कुठून ध्यानात असणार? पाचवा महिना लागलेली बायको, तिच्या शेजारी माळ ओढत बसलेल्या सासूबाई आणि आदल्या दिवशीचा रिपोर्ट चुरगाळून उभा असलेला मी.

आदल्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणी साहेबांनी दोन मिनिटांत सोनोग्राफी उरकली आणि मान वर न करता म्हणाले, "बाळाच्या उजव्या किडनीत पाणी भरलंय. ठेवायचं का नाही, 24 आठवड्यांच्या आत ठरवा." म्हणजे काय, असं विचारलं तर, "रिपोर्टात लिहिलंय." रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस असा शब्द होता. आता तो पाठ झालाय, त्या रात्री वाचतासुद्धा येईना. घरात चूल पेटली नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं आम्ही लेकराच्या पोटात पाणी साचलं म्हणून रडत आलो.

तुम्ही बराच वेळ मशीन फिरवलं. मग म्हणालात, "बाहेर बसा, अर्ध्या तासानं परत बघते." खरं सांगतो, मला रागच आला. बाहेर एवढी गर्दी, आणि आम्हालाच टांगून ठेवलं असं वाटलं. त्या रागाची माफी मागायची राहून गेली होती, ती आधी मागतो.

परत आत घेतलंत आणि पडदा आमच्याकडं वळवलात. मघाचा फोटो शेजारी धरलात. त्यात बोराएवढा काळा गोल होता, आता पडद्यावर त्या जागी नुसती चीर. सासूबाईंनी विचारलं, "बाई, लेकरू जगंल का?" तुम्ही म्हणालात, "मावशी, लेकरू शू करायलंय बघा. मघाशी लघवीची थैली भरली होती, आता रिकामी झाली."

'करायलंय' म्हणालात, मॅडम. आमच्या बोलीत. तिथं माझ्या बायकोनं दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला.

बाळाभोवतीचं पाणी या महिन्यात बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं आणि ते पुरेसं आहे म्हणजे किडन्या काम करतायत, हे ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "माय, त्याच्यातच पोहतंय व्हय!" मला मात्र लगेच उमगलं. रात्री दारं धरताना पाटात तण अडकलं की मागं पाणी तुंबतं; वाफ्याचा त्यात काय दोष? किडनीतला फुगवटा 6 मिलिमीटर होता, त्या महिन्यात तो 4 च्या आत लागतो. दुसरी किडनी चांगली होती. तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत. बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, पण पाळत ठेवावी लागते, आणि ऑपरेशन लागणारच नाही असं लिहून देणार नाही, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. तेच बरं वाटलं. खोटं गोड बोलणारे आम्ही बाजार समितीत रोज बघतो.

बत्तिसाव्या आठवड्यात फुगवटा 8 मिलिमीटर भरला, तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला. बाळंतपणानंतर घाई करून पहिल्या दोन दिवसांतच तपासू नका, तेव्हा बाळ दूध कमी पितं, लघवी कमी होते, सूज लपते, हे तुम्ही कागदावर मराठीत लिहून दिलं होतं. तो कागद होता म्हणून आम्ही सातव्या दिवशी गेलो. मुलगी झाली. परवा नवव्या महिन्याची तपासणी झाली, फुगवटा जवळपास गेलाय. वर्षाची झाली की परत एकदा बघायचंय.

मशीन दोन्हीकडं सारखंच होतं. फरक खुर्चीत बसणाऱ्याचा. आदल्या साहेबांनाही पडदा वळवायला पैसे पडले नसते. गावात तलाठ्यापासून कंडक्टरपर्यंत असा नीट सांगणारा एखादा भेटला की त्याचं नाव लोक वर्षानुवर्षं काढतात. आमच्या घरी तुमचं निघतं, जेवताना.

आणि हो. परवा तुमच्या काउंटरवर भुईमुगाच्या शेंगांची एक बेवारशी पिशवी सापडली असेल. तुम्ही आत होतात, गर्दी होती, सासूबाईंना आत जायला लाज वाटली. ती आमची. ओल्या आहेत, पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. मीठ घालून उकडा, असं त्यांनी आवर्जून लिहायला सांगितलंय.