पडद्यामागच्यांची संस्था काढतोय, तू ये

जळगाव,
ता. १८ जानेवारी

प्रिय आप्पा,

काय चालू शे भो? परवा तुझा फोन आला तेव्हा मी संभाजी राजे नाट्यगृहात लाईट लावायच्या उंच घोड्यावर (शिडीवर) चढलो होतो, हातात पाना होता. खाली उतरेपर्यंत फोन कटला. मग म्हटलं, हे फोनवर बोलण्यासारखं नाहीच, सविस्तर लिहावं.

मागच्या महिन्यात एका खेड्यावर गॅदरिंगला गेलो होतो. लाईट दुसऱ्याचे होते, मी फक्त डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला, बसणार होतो. आपल्याकडे फ्लॅट (सेटच्या कापडी भिंती) उचलायला येणारा तो धाकला पोऱ्या आठवतो ना, उंच, अबोल? तो त्या ठेकेदाराकडे रोजावर आला होता. बारा पार कॅन, म्हणजे डब्यासारखे मोठे लाईट, एकेक हजार वॅटचा. म्हणजे बारा हजार वॅट, २३० व्होल्टवर बावन्न अँपिअर. आणि लाईन घेतली होती शाळेच्या ऑफिसातल्या घरगुती बोर्डावरून! वायरींना जागोजागी टेप, अर्थिंगची तार तर कापूनच टाकलेली. मी बोललो. "एका रात्रीचं काम आहे, जमून जातं," असं उत्तर मिळालं. पोऱ्या लोखंडी घोड्यावर चढला, पाचव्या कॅनची पट्टी धरली आणि मागे फेकला गेला. दहा फुटांवरून. मनगट मोडलं. डोकं विंगेच्या फळीपासून वीतभर लांब आपटलं, एवढंच नशीब.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन बंद पडली असती, पोऱ्याला नुसती झिणझिणी आली असती.

त्याच रात्री प्रयोग झाला, आप्पा. टाळ्या पडल्या. प्लास्टरच्या खर्चाचं विचारलं तर आयोजक म्हणाले, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, रोजावरचा माणूस, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. शेवटी आम्ही चौघांनी खिशातून जमवले. मला त्या रात्री झोप लागली नाही. पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि आपल्या माणसाच्या वतीनं दाराशी जाऊन उभं राहील असं आपल्याकडे कोणीच नाही, हेच डोक्यात घोळत राहिलं.

म्हणून संस्था काढायचं ठरवलंय. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, ध्वनी, पडदा ओढणारे, सगळ्यांची. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे धरून.

पहिली बैठक असोद्याला मळ्यात झाली. भरीत, कळण्याची भाकरी आणि समोर वही. सहा जण होतो. तासाभरात मोठा वाद झाला. एकाचं म्हणणं, संस्था नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकारांचीच असावी, म्हणजे तिला वजन येईल. टेम्पो भरणारे, खिळे ठोकणारे घेतले तर ती हमालांची पंचायत होईल. हे ऐकून माझं डोकं फिरलं. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला बक्षीस आहे, नेपथ्याला आहे, रंगभूषेला आहे, आणि ते असायलाच हवं. पण स्पर्धेत रोज एक नाटक. दिवसभरात सेट उभा करायचा, रात्री उतरवून गाडीत टाकायचा, आणि सकाळी दुसऱ्याची गाडी दारात. हे करणाऱ्याचं नाव कोणत्या कागदावर येतं?

मी त्यांना सांगितलं, जगात हे काम कसं झालं ते बघा. अमेरिकेत १८९३ साली अकरा शहरांतले रंगमंच कामगार न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी आपली संघटना उभी केली. सुरुवात दोर ओढणाऱ्यांपासून झाली, ती संघटना आजही चालू आहे. प्राग शहरात १९६८ साली जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली तिच्या नावातच नेपथ्यकार, नाट्यगृहाचे वास्तुरचनाकार आणि तंत्रज्ञ शेजारी शेजारी आहेत. आणि इतकं लांब कशाला, मुंबईत रंगमंच कामगार संघ आहेच की. आपल्याकडे तेवढंही नाही. २०२० च्या मार्चात नाट्यगृहं बंद झाली तेव्हा मी रावेरला केळीच्या गाड्या भरल्या. तू तेव्हा पुण्यात काय केलंस ते मला ठाऊक आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

अजून एक सांगतो. ई-श्रमचं कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, २०२१ पासून निघतंय, आमच्यातल्या पाच जणांनी काढलंय. बैठकीत सगळ्यांनी कार्डं बाहेर काढली. बारा आकडी नंबर सगळ्यांचा आहे. धंद्याच्या रकान्यात एकाचं इलेक्ट्रिशियन, एकाचं सुतार, एकाचं शिंपी, दोघांचं शेतमजूर. नाटकाचं नाव एकाच्याही कार्डावर नाही. वीस-वीस वर्षं विंगेत उभे राहिलेले लोक, आप्पा! सगळे गप्प झाले. मग तो वाद घालणाराच म्हणाला, "टेम्पोवाल्यालाही घ्या." तमाशाच्या फडावर रंगभूषा करणारे आणि वहीगायनाला (आपल्या खान्देशी लोकगायनाला) माईक लावणारे यांनाही घ्यायचं, हे त्यानंतर दोन मिनिटांत ठरलं.

पहिलं काम बोर्डाचं. संस्थेच्या मालकीचा एक बोर्ड करायचा, आरसीसीबी, नीट अर्थिंग, थ्री फेजची जोडणी, आणि तो गावोगाव न्यायचा. त्याच्याशिवाय आपला माणूस घोड्यावर चढणार नाही. नाईटचा दर आधी कागदावर, अपघात झाला तर खर्च कोणाचा तेही त्याच कागदावर. पुरस्कार सोहळा, स्मरणिका वगैरे सध्या नकोच. पोरांना शिकवायचं मात्र खूप मनात आहे. फ्लॅटच्या मांजरपाटावर सरस (डिंकासारखा चिकट पदार्थ) आणि व्हायटिंगचा (पांढऱ्या खडूच्या भुकटीचा) हात कसा द्यायचा हे आता किती जणांना येतं? तू शिकवायचास तसं, सरस चटका बसेल इतका गरम असतानाच लावायचा, गार झाला की कापड ताणत नाही आणि फ्लॅटला पोट येतं. आता सगळे फ्लेक्स छापून चिकटवतात. समोरून पारचा उजेड पडला की ते चकाकतं आणि झोपडीची भिंत दुकानाच्या पाटीसारखी दिसते.

आता तुझ्याकडचं काम. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. सहा आहोत. सातवा जळगावातला कोणीही मिळेल, दोघं तयारही आहेत. पण मला तू हवा आहेस. फ्लॅट आणि उजेड एकत्र बघणारा माणूस आमच्यात नाही, आणि दराच्या बाबतीत समोरच्याशी न भांडता ठाम बोलणारा तर नाहीच नाही. पुण्यात राहूनही होईल. महिन्यातून एकदा आलास तरी पुरे.

पुढच्या रविवारी परत असोद्यालाच बसतोय, नियम लिहायला. शनिवारी रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघ, सकाळी स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आण. तुझी ती मापांची जुनी वहीही आण, लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) आणि फ्लॅटची मापं त्यातलीच धरू म्हणतो. पोऱ्याचं प्लास्टर शुक्रवारी निघतंय. तोही येणार आहे, मी सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू