हॅलोअल्केन पाठ करायला लावू नका, समजावून सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

जांबोटी, येळ्ळूर, उचगावकडनं मराठी शाळेत दहावी करून बेळगावात पीयू (अकरावी-बारावी) सायन्सला येणारी पोरं माझ्याकडं ट्युशनला असतात, हुशार असतात हो, पण सेकंड इयरला हॅलोअल्केनचा, म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन जोडलेल्या कार्बनी रेणूंचा, धडा आला की चेहरेच उतरतात. वर्गात सगळं इंग्रजीतनं, आणि रिअॅक्शनची यादी फळ्यावर लिहून पाठ करा म्हणायचं, झालं.

आता बघा, २-ब्रोमोप्रोपेनला पाण्यातलं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) दिलं तर अल्कोहोल होतं आणि अल्कोहोलमधलं केओएच घालून तापवलं तर प्रोपीन. पोरगं रट्टा मारतं आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहून येतं. का होतं ते सांगा की! पाण्यात हायड्रॉक्साइडला पाण्याचे रेणू चिकटून राहतात, त्याचा बेस म्हणून, म्हणजे हायड्रोजन ओढून घ्यायचा, जोर कमी पडतो, मग तो कार्बनवर जाऊन ब्रोमीनची जागा घेतो. अल्कोहोलमध्ये इथॉक्साइड तयार होतं, ते जास्त स्ट्राँग बेस, ते शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनच ओढतं, ब्रोमीनही सुटतं आणि डबल बॉण्ड होतो.

एसएन-२ चं, म्हणजे एकाच दमात होणाऱ्या अदलाबदलीच्या रिअॅक्शनचं, पण तेच. न्यूक्लिओफाइल (ब्रोमीनची जागा घेणारा, हायड्रॉक्साइडसारखा) ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूनं येतो म्हणून रेणूची रचना उलटी होते, ही उलटापालट केमिस्ट पॉल वाल्डेनला १८९६ सालीच दिसलेली. टर्शरी कार्बनला तीन बाजूंनी कार्बनचे ग्रुप, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशीची बेळगावच्या बाजारातली गणपत गल्ली, मागनं शिरायला वाटच नाही, म्हणून तिथं आधी ब्रोमीन सुटतं, कार्बोकॅटायन (प्लस चार्जचा कार्बन) होतं, हे एसएन-१. एवढं मराठीत सांगितलं की पोरं पुढचं स्वतः काढतात, मी रोज बघतोय.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. हॅलोअल्केन अल्कलीत उकळून, नायट्रिक अॅसिड टाकून मग सिल्व्हर नायट्रेट घातलं की क्लोराइडचा साका पांढरा, ब्रोमाइडचा फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळा, हे डोळ्यानं बघितलं की कोण विसरेल? काही कॉलेजात हे तोंडीच उरकतात. क्लोरोफॉर्म काळसर बाटलीत काठोकाठ भरून का ठेवतात, तर उजेड आणि हवा लागली की विषारी फॉस्जीन वायू होतो, हेसुद्धा कोणी सांगत नाही.

पेपर इंग्रजीतच लिहायचाय, नावं इंग्रजीच राहू देत, कारणं तेवढी मराठीत सांगा. कॉलेजांनी फर्स्ट इयरच्या सुरुवातीलाच मराठी माध्यमातल्या पोरांचा वेगळा तास घ्यावा, आणि तुम्ही आठवड्याला बेळगाव पानावर अर्धा कॉलम द्या, मी लिहून देतो, मानधन नको. फक्त दिवाळीआधी सुरू करा, नंतर पोरं रिव्हिजनला लागतात.

आपला वाचक,
एक ट्युशन मास्तर, टिळकवाडी, बेळगाव